विषय: गॅसचा वास येण्याआधी केलेली तक्रार नोंदवायचीच नाही का?

प्रति,
प्रमुख, सुरक्षा विभाग

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर केबलसाठी खोदताना सोमवारी जेसीबीने तुमच्या गॅस पाइपवरची पिवळी इशारापट्टी उपसून काढली. पट्टी पाइपच्या 30 सेंटीमीटर वर टाकतात. म्हणजे बकेटचा पुढचा घाव थेट प्लास्टिकच्या (एमडीपीई) पाइपवर. हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपत्कालीन क्रमांकावर तीन फोन झाले. पहिल्या दोन्ही वेळा ग्राहक क्रमांक मागितला. रस्त्याखालच्या लाइनला ग्राहक क्रमांक नसतो. शेवटी एका सभासदाचा दिला, तर तुमचा माणूस त्याच्या स्वयंपाकघरातल्या मीटरला साबणाचं पाणी लावून गेला आणि ‘गळती नाही’ म्हणून तक्रार बंद. खड्ड्याकडे तो फिरकलाही नाही.

तिसरा फोन काल संध्याकाळी. अकरा मिनिटं थांबवून ठेवल्यावर प्रश्न आला, “वास येतोय का?” नाही म्हटलं. “मग ही आपत्कालीन तक्रार होत नाही.” लाइनवर जेसीबी चालू आहे, मार्किंग करायला माणूस पाठवा, असं दोनदा सांगितलं. उत्तर : “वास आला की फोन करा.” आणि फोन ठेवला.

वास आल्यावर? मुळात या गॅसला वास नसतो, वासासाठी मर्कॅप्टन हे रसायन मिसळावं लागतं. मातीतून झिरपताना तो वास मंदावू शकतो आणि गॅस केबल डक्टमधून, गटारातून तळघरात शिरतो. हवेत 5 ते 15 टक्के गॅस असला की एक ठिणगी पुरते. शिवाय पाइप आजच फुटेल असंही नाही. बकेटच्या दाताचा ओरखडा भिंतीच्या जाडीच्या 10 टक्क्यांहून खोल गेला तर तो तुकडा बदलावा लागतो. कंत्राटदाराने वर डेब्रिज लोटून खड्डा बुजवला, तर दगडाच्या दाबाखाली तो ओरखडा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फाटेल.

मुकादमाचा केबल लोकेटर प्लास्टिकचा पाइप दाखवत नाही. त्याला तुमचा नकाशा आणि जागेवर तुमचाच माणूस लागतो. खोदण्याआधी लाइनच्या मालकाला कळवण्यासाठीच ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप 22 मार्च 2023 पासून आहे. या खोदकामाची सूचना तुमच्याकडे आली होती का? आली असेल तर कोणी पाहिली? लेखी कळवा.

उद्या खोदकाम थांबवून संयुक्त पाहणी करा. पाइपच्या दोन्ही बाजूंना 1 मीटर हाताने खोदून तो उघडा करा, ओरखडे तपासा. इजा असेल तर पाइप दाबून गॅस अडवा (स्क्वीझ), तुकडा कापा, विजेच्या उष्णतेने वितळवून जोडणाऱ्या इलेक्ट्रोफ्युजन कपलरने नवा जोडा, वाळू भरा, नवी पट्टी टाका. गटाराचे चेंबर आणि आमचं तळघर डिटेक्टरने तपासा. पेव्हर ब्लॉक बसवताना गेलेले लाइनच्या खुणेचे मार्कर परत लावा.

दोन दिवसांत हे झालं नाही तर फोटो आणि कॉलच्या नोंदींसह हे पत्र पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे आणि शहर अभियंत्यांकडे जाईल. तुमच्या लाइनवर विश्वास ठेवून सोसायटीने सिलिंडर सोडले होते.

माणूस पाठवताना पुन्हा ग्राहक क्रमांक मागू नका. पाइप रस्त्याखाली आहे.

सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोपरखैरणे