व्हीयू3 मिळालेल्या लेकास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हॅम रेडिओवर, म्हणजे छंदाच्या रेडिओवर, बोलायला लागणारा तुझा कॉल साइन, म्हणजे तुझं रेडिओवरचं नाव, आला! व्हीयू3पासून शेवटच्या अक्षरापर्यंत तू तीनदा वाचून दाखवलास आणि मीही तीनदा लिहून घेतला. बाबांनी लगेच पेढे आणले. पण 'रिस्ट्रिक्टेड परवाना पुरे आहे, मोर्स आता कोण वापरतं?' हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही.

जनरल ग्रेडला, म्हणजे वरच्या परवान्याला, मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स, म्हणजे टिंबा-रेघांचा संकेत, लागतो, पण मी परीक्षेसाठी सांगत नाहीये. जिथे माझा आवाज खरखरीत बुडतो, तिथून मोर्सची बारीक शिट्टी वर येते. सगळी ताकद अगदी अरुंद पट्ट्यात एकवटते, म्हणून पाच वॉटसुद्धा समुद्र ओलांडतात. टिंबं आणि रेघा पाठ करू नकोस. 'ए' म्हणजे 'डी-डा', हे कानानंच शीक. मी तक्ता घोकला होता, मग सगळं विसरून पहिल्यापासून शिकावं लागलं.

2004च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले, ते छंद म्हणूनच. अंदमानातून हॅम क्वचित बोलतात, त्यामुळे जगभरचे लोक त्या व्हीयू4साठी, म्हणजे अंदमानच्या कॉल साइनसाठी, कान लावून बसले होते. 26 तारखेला सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. टेलिफोन बंद पडले, आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली त्याच रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचू लागली. सगळं मोर्सवर झालं असं मी म्हणत नाही. पण सरावलेला कान आणि तयार अँटेना त्या सकाळी तिथे होती, हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हँडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवर, रिपीटरच्या, म्हणजे आवाज पुढे पोचवणाऱ्या स्टेशनच्या, गप्पांतच अडकू नकोस. रेक्टरांची परवानगी काढून गच्चीवर डायपोल, म्हणजे मधोमध दोन भाग केलेल्या तारेची अँटेना, बांध. तारेची लांबी मीटरमध्ये 143 भागिले मेगाहर्ट्झ; 7.1 मेगाहर्ट्झला साधारण 20 मीटर, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा. तार थोडी लांबच घे, मग कापत ये. विजेच्या तारांपासून मात्र लांब राहा, एवढं माझ्यासाठी.

सूर्य मावळला की आयनांबरातला, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या हवेतला, खालचा डी थर विरतो आणि चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे त्याच 7 मेगाहर्ट्झच्या आसपास, लांबची स्टेशनं उमटू लागतात. पहिला आठवडा नुसतं ऐक. बोलायच्या आधी 'फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का?' असं विचारायचंच.

माझी जुनी की, म्हणजे मोर्स पाठवायची कळ, फराळाबरोबर पाठवतेय. स्प्रिंग सैल करू नकोस, माझ्या हाताला लावलेली आहे; तुझ्या हाताला जड वाटली तर दिवाळीत आपण दोघं मिळून बसवू.

73 (म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
आई