नुसती तारीख नको, घरी येऊन साक्ष घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोर्टात खटले का तुंबतात यावर आपल्या पेपरात अधूनमधून छापून येतं. न्यायाधीशांची रिकामी पदं, वकिलांची गैरहजेरी, पक्षकारांची टाळाटाळ, सगळं त्यात असतं. आजारी पक्षकार मात्र कुठे दिसत नाही. तो मी आहे, म्हणून लिहितोय. म्हणजे मी अडखळत सांगतो आणि सूनबाई लिहून मला वाचून दाखवते. एका पत्राला बरेच दिवस लागले.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा चुलत भावांनी लावलाय, त्यात मी प्रतिवादी. माझं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे माझी लेखी साक्ष, देऊन झालं होतं, उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलांचे प्रश्न, बाकी होता आणि मध्येच लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. पाय बराच परत आलाय, काठी घेऊन चालतो. बोलण्याचं तसं नाही. समोरच्याचं सगळं कळतं, उत्तर डोक्यात तयार असतं, पण तोंडातून भलतंच निघतं. पन्नास म्हणायला जावं तर पंधरा बाहेर येतं, 'नाही'च्या जागी 'हो' येतं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. गंमत अशी की सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, कवठे महांकाळ, मिरज, सांगली हे थांबे मी आजही एका दमात म्हणतो. वाचा-उपचाराच्या ताईंना त्यात काही नवल वाटलं नाही. पाठ झालेलं येतं, नव्यानं जुळवायचं ते अडतं, म्हणाल्या. पण उद्या समोरचे वकील हेच धरतील: थांबे सांगता येतात, मग विहीर कुणाच्या हिश्शात आली ते का सांगता येत नाही? आणि उलटतपासात एकदा 'हो' पडलं की ते कागदावर गेलं.

आजारपणानंतरच्या एका तारखेला पुतण्यानं धरून जिना चढवला. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. शिपायानं माझ्या नावाचा पुकारा केला. 'हजर' हा एवढासा शब्द, तोही येईना. मी काठी आपटली. पुतण्या पाणी आणायला गेला होता, तो धावत आला तोवर पुढच्याचं नाव घेऊन झालं होतं. मला रडू फुटलं. लकव्यानंतर रडू आवरत नाही, कधी हसूही आवरत नाही. मेंदूच्या इजेनं तसं होतं. भावकीतल्या एकानं मागून 'नाटक' म्हटलं, ते मात्र नीट ऐकू आलं.

कोर्टाबद्दल माझी तक्रार नाही. अर्ज दिला की तहकुबी मिळाली, एकतर्फी काही झालं नाही. पण तारीख पुढे जाणं ही सवलत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तारखेच्या आदल्या रात्री माझ्या घरी यावं. रक्तदाब 130/80 च्या आत ठेवा असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या रात्री तो कुठल्या कुठे जातो. लकव्यानंतर पहिले तीन ते सहा महिने व्यायामाचा सर्वात जास्त उपयोग होतो, आणि नेमक्या त्याच काळात अर्धं लक्ष कोर्टात. लकव्याच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं म्हणतात. लटकता दावा त्यावर काय उतारा देणार?

फिजिओथेरपीला शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले अधिकारी, यायचे. त्यांनाही हाच आजार, पण वाचा शाबूत. त्यांनी सांगितलं ते मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 1 प्रमाणे आजारपणामुळे कोर्टात येऊ न शकणाऱ्याची साक्ष कमिशनर, म्हणजे कोर्टानं त्या कामासाठी पाठवलेला माणूस, नेमून घरी घेता येते; यालाच कमिशन म्हणतात. आजाराचा पुरावा म्हणून नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र कोर्ट स्वीकारू शकतं, त्यासाठी डॉक्टरला पिंजऱ्यात बोलवावं लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या यादीत वाचाघातामुळे आलेलं कायमचं वाचा-अपंगत्व आहे, आणि कलम 12 प्रमाणे दिव्यांगाला त्याला जमेल त्या पद्धतीनं साक्ष देता यावी अशी सोय करायची असते. मला चालेल ती पद्धत साधी आहे: प्रश्न सावकाश, एका वेळी एक, उत्तराला नकाशावर किंवा लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवू द्या. फौजदारीतही वाट आहे. आमच्यासारख्याच लकवा झालेल्या एका दुकानदारावर चेक न वटल्याचा खटला आहे, त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 228 आणि 355 खाली जातीनं हजर राहण्यातून सूट मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं तर 2003 सालीच मुंबईच्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला मान्यता दिली. न्यूयॉर्कचा साक्षीदार पडद्यावर चालतो, मग तालुक्यातल्या म्हाताऱ्यानं जिना का चढावा?

अडतं कुठे, तर डॉक्टरच्या चिठ्ठीत. माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर 'विश्रांतीची गरज' एवढंच. त्यावर न्यायाधीश तारखेशिवाय दुसरं देणार काय? रुग्णाला समजतं का, बोलता येतं का, किती वेळ बसवतं, हो-नाहीची गल्लत होते का, हे चार ओळींत लिहिलं तर कोर्टाला कमिशनचा विचार करता येईल. हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं. आणि समन्सच्या कागदावर, जिथे गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होईल असं बजावलेलं असतं, तिथेच खाली छापा: आजारी असाल तर असा अर्ज करता येतो, तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, फोन 15100. दिव्यांगांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही.

आमच्या वकिलांनी कमिशनसाठी अर्ज दिलाय. नवीन प्रमाणपत्र जोडलंय, या वेळी चार ओळींचं. समोरच्या बाजूचं म्हणणं अजून यायचंय.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. सोलापूर
(दावा चालू असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)