तीन काड्या आणि चौदा गुच्छ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जालन्यात ३१ वर्षं माझं हार-फुलांचं दुकान आहे. गेल्या रविवारी नातीच्या हट्टापायी छत्रपती संभाजीनगरला इकेबानाचं, म्हणजे जपानी पुष्परचनेचं, प्रदर्शन पाहायला गेले. फुलांचं मला कोण काय नवीन दाखवणार, अशा तोऱ्यातच गेले होते.

पहिल्याच टेबलावर उथळ काळी थाळी, तिच्यात एक वाळकी फांदी, एक शेवंती, दोन पानं. बाकी सगळी जागा मोकळी. मी नातीला म्हटलं, "बाई गं, एवढ्यात तर गजऱ्याचं टोकसुद्धा होत नाही."

प्रात्यक्षिक सुरू झालं आणि मी गप्प झाले. शिकवणाऱ्या बाईंनी देठ पाण्यात बुडवून पाण्याखालीच कापले. बाहेर कापलं की देठात हवा शिरते, मग पाणी वर चढत नाही. मी जन्मभर कोरडेच कापत आले! थाळीत सुयांची जड बैठक असते, तिला केन्झान म्हणतात, देठ तिच्यावर रोवतात. १९२७ साली सुरू झालेल्या सोगेत्सू घराण्यात मापही ठरलेलं आहे : भांड्याची रुंदी अधिक खोली, त्याच्या दीडपट पहिली फांदी, दुसरी तिच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट. हिशोब मला लगेच कळला, धंद्यातली आहे ना. क्योतोच्या रोक्काकुदो देवळातल्या पुजाऱ्यांनी बुद्धापुढे फुलं वाहता वाहता ही कला वाढवली, हेही तिथंच ऐकलं. म्हणजे आपल्या गुरवांचंच काम की.

घरी येऊन निशिगंध पाण्याखाली कापून पाहिला. एक दिवस जास्त टिकला. हवा गार होती म्हणूनही असेल.

तक्रार पुढच्या कार्यक्रमाची आहे. तासभर फुलाचा एकेक देठ जपायला शिकवलं आणि मग पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला. प्लास्टिकमध्ये करकचून बांधलेले, चमकी मारलेले चौदा गुच्छ! मी मोजले. प्रत्येकात डझनभर गुलाब, पाण्याचा थेंब नाही. कार्यक्रम संपला तेव्हा पाच गुच्छ खुर्च्यांवरच पडलेले. असले गुच्छ मीही विकते, खोटं कशाला बोलू. पण त्या थाळीसमोर ते पाहून मलाच लाज वाटली.

आयोजकांना विनंती आहे, पुढच्या वेळी पाहुण्यांच्या हाती एकच फूल द्या. फार तर माझा धंदा बुडेल. शिवाय सगळ्या फांद्या विकतच्या वाटत होत्या. आमच्याकडे शेताच्या बांधावर तुराटी, पऱ्हाटी, बाभळीची वाकडी फांदी फुकट पडलेली असते, तिचंही एक टेबल मांडा. जालन्यात प्रदर्शन भरवलंत तर तुराटी मी आणून देईन, पैसे घेणार नाही.

– एक फुलवाली, जालना