दुसरा कॅमेरा घेताना बटणंही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कॅमेऱ्यांची माहिती येते तेव्हा मेगापिक्सेल, किंमत, व्हिडिओ सगळं असतं. बटणं कुठं आहेत, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. वन्यजीवांचे फोटो काढणारा दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्यायला निघतो तेव्हा त्याला तेच आधी कळायला हवं.

दुसरी बॉडी ही चैन नव्हे. उन्हाळ्यात दाजीपूरच्या जंगलवाटेवर तांबडी धूळ उडते. उघड्या जीपमध्ये लेन्स बदलली की सेन्सरवर डाग पडलेच म्हणून समजा. शिवाय गवा कधी लांब पाणवठ्यावर दिसतो, तर कधी वळणावर थेट जीपसमोर उभा. म्हणून एका बॉडीला लांबचं टिपणारी २००-५०० मिलिमीटरची लेन्स आणि दुसरीला जवळचं टिपणारी ७०-२००ची लावूनच निघायचं.

मी निकॉनची डी५०० वापरतो. तिचं आयएसओचं, म्हणजे कमी-जास्त उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याची संवेदनशीलता बदलायचं, बटण शटरच्या बटणामागंच आहे. तर्जनीनं ते दाबायचं, अंगठ्यानं मागचं चाक फिरवायचं. डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही. फोकस सुरू करायचं एएफ-ऑन बटण अंगठ्याखाली, फोकसचा बिंदू हलवायची जॉयस्टिक त्याच्या जवळच. हिच्या जोडीला स्वस्त पडते म्हणून जुनी डी७२०० घ्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. २४ मेगापिक्सेलची आहे, फोटोही उत्तम येतात. पण तिचं आयएसओ बटण मागच्या बाजूला, स्क्रीनच्या डावीकडं! म्हणजे जड लेन्सला आधार दिलेला डावा हात काढायचा. जॉयस्टिक नाही, वेगळं एएफ-ऑनही नाही. एक्स्पोजर धरून ठेवायच्या एई-एल बटणाला ते काम लावून देता येतं, एवढंच. दिवस मावळताना गवा झाडीतून बाहेर येतो, उजेड भराभर उतरत असतो आणि नेमकं तेव्हाच बोट बटण शोधत बसतं.

आमच्या उद्यमनगरात लेथवरचा कारागीर हँडलकडं बघत नाही, त्याची नजर जॉबवर असते. कॅमेऱ्याचंही तसंच व्हायला हवं.

ऐपत असेल त्यानं डी५००च्या जोडीला डी८५० बघावी. बटणांची मांडणी जवळपास तीच, बॅटरीही त्याच जातीची, आणि डीएक्स क्रॉपवर, म्हणजे डी५००च्या लहान सेन्सरएवढाच भाग वापरायच्या सेटिंगवर, टाकली तरी १९ मेगापिक्सेल हातात राहतात. तेवढे पैसे नसतील तर वापरलेली आणखी एक डी५०० घ्यावी, माझं तरी ठाम मत हेच आहे. कॅनन आणि निकॉन अशी जोडी तर करूच नये; त्यांची लेन्स बसवायची दिशासुद्धा उलटी.

आपणांस विनंती, की यापुढं कॅमेऱ्याची माहिती छापताना त्याचा वरून आणि मागून काढलेला फोटोही द्यावा. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला स्वतःची जुनी बॉडी सोबत आणायला सांगावं आणि दोन्ही कॅमेरे, लेन्स लावून, हातात द्यावेत.

आपला,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर