‘आजी-आजोबा आणि नातवंडं’ सहलीबद्दल तक्रार आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(सहल व मनोरंजन कार्यक्रम आयोजक कंपनी)

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

तीन रविवारांपूर्वी आपल्या कंपनीच्या ‘आजी-आजोबा आणि नातवंडं’ या एका दिवसाच्या सहलीला मी, माझे यजमान आणि आमची नात असे तिघं आलो होतो. माझं वय ६७, यजमानांचं ७३, नात साडेपाच वर्षांची. ज्येष्ठांचे प्रत्येकी १,४५० आणि मुलीचे ९५० असे एकूण ३,८५० रुपये आम्ही आगाऊ भरले. सहलीनंतर तक्रार करायला मी आपल्या कार्यालयात तीनदा फोन केला आणि एक ईमेल पाठवला. फोनवर दर वेळी ‘कळवतो’ एवढंच सांगितलं गेलं. ईमेलला उत्तर आलं ते पुढच्या सहलीवर वीस टक्के सवलतीचं कूपन. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. कृपया ते शेवटपर्यंत वाचावं.

मी ३१ वर्षं बालवाडीत शिक्षिका होते. तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन मी किती सहली केल्या असतील, त्याची गणती नाही. सहल ठरली की आदल्या आठवड्यात आमच्यापैकी एक बाई आणि एक सेविका त्या जागी जाऊन यायच्या. सगळ्यांत आधी संडास कुठे आहे, पाणी आहे का आणि दाराला कडी लागते का ते बघायचं, मग सावली कुठे, मुलांना बसवून खाऊ कुठे द्यायचा ते बघायचं, आणि बागेतले झोपाळे सगळ्यांत शेवटी. आता मी स्वतः म्हातारपणात आले आहे आणि हाच क्रम माझ्यासारख्यांनाही लागतो, हे रोज अनुभवते. लहान मूल आणि म्हातारा माणूस, दोघांनाही थांबता येत नाही. भूक, लघवी, थकवा पुढे ढकलण्याची ताकद दोघांच्याही अंगात नसते. आपल्या जाहिरातीत ‘निवांत वेग, ज्येष्ठांसाठी पूर्ण सोयीस्कर’ असं ठळक अक्षरांत होतं. त्या शब्दांवर विश्वास ठेवूनच मी पैसे भरले.

जाहिरातीचं मुख्य आकर्षण होतं ऐरोलीच्या खाडीतली बोटीची फेरी आणि फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, हे आपणच पत्रकात छापलं होतं. ते वाचून नातीने आठवडाभर गुलाबी खडू झिजवला. पाय लांब, मान वाकडी, चोच काळी असे अकरा फ्लेमिंगो तिने एका कागदावर काढले आणि घडी घालून बरोबर घेतले, खऱ्या पक्ष्यांना दाखवायला.

गडकरी रंगायतनजवळ, तलावपाळीवर सकाळी आठला जमायचं होतं. पावणेआठला आम्ही हजर होतो. बस आली आठ पंचावन्नला. बसची पहिली पायरी इतकी उंच की दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी तिच्यापुढे नुसत्या उभ्या राहिल्या. एक पाट किंवा प्लास्टिकचं स्टूल असतं तर काम झालं असतं. अखेर ड्रायव्हरने समोरच्या चहावाल्याकडून दुधाचा रिकामा क्रेट आणला, आणि दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. सगळे चढेपर्यंत नऊ वीस झाले.

बोट साडेनऊची होती. खाडीतली बोट भरतीच्या पाण्यावर चालते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि बोट निघत नाही, मग तिकीट कुणाचंही असो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिचं वेळापत्रक आधीच उपलब्ध असतं. आमच्या चेंदणी कोळीवाड्यातली जुनी माणसं तर वेळापत्रकाशिवायही सांगतात: तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमारास पूर्ण भरती आणि पुढे उतरतं पाणी. यजमानांनी बसमध्ये बसल्याबसल्या हा हिशोब केला आणि ‘आज बोट चुकली’ असं मला हळूच सांगितलं, नातीला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐरोलीला पोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाणी उतरलं होतं.

बस उशिरा येणं मी एक वेळ समजू शकते. त्यानंतर जे झालं ते समजू शकत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात बोटीशिवायही बघण्यासारखं आहे. आत माहिती दालन आहे, कांदळवनातून चालायची वाट आहे. मुलं तासभर रमली असती, आम्ही बसलो असतो, स्वच्छतागृहात जाऊन आलो असतो. बसमधल्या पाच-सहा जणांनी तशी विनंतीही केली. आपल्या प्रतिनिधीने कार्यालयात फोन लावला, आणि ‘तिथे वेळ घालवू नका, थेट फार्महाऊसला न्या’ असा निरोप आला. बस फाटकापासूनच वळली. नात खिडकीला नाक लावून विचारत होती, “आजी, पक्षी कुठल्या बाजूला आहेत?” तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तिथून उलटे ठाण्यात, मग घोडबंदर रोडची रविवारची गर्दी. फार्महाऊसवर बारा वाजता पोचलो, म्हणजे घर सोडल्यापासून चार तासांहून जास्त. मध्ये एकही थांबा नाही. माझ्या यजमानांना प्रोस्टेटचा त्रास आहे, दीड-दोन तासांनी जावंच लागतं. आपल्या फॉर्ममध्ये ‘आरोग्यविषयक माहिती’ असा रकाना होता, त्यात मी हे लिहून दिलं होतं. तो रकाना कुणी वाचला का? त्यांनी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, प्रवासात पंचाईत नको म्हणून. फार्महाऊस येईपर्यंत त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या माणसाला चाळीस लोकांदेखत ‘बस थांबवा’ म्हणायची लाज वाटते. ती वेळ त्याच्यावर येऊ न देणं हे आयोजकाचं काम आहे.

आणि फार्महाऊसवर काय होतं? पुरुष आणि बायका मिळून एकच संडास, तोही भारतीय पद्धतीचा, बागेच्या टोकाला, उंचसखल फरशांच्या वाटेने जायचं. त्या गुडघ्याच्या आजी दारापर्यंत गेल्या, आत डोकावल्या आणि मागे फिरल्या. गुडघा बदललेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही, हे आपल्या नियोजन विभागात कुणाच्याच घरी घडलं नसेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी सहापर्यंत त्या आजी एका खुर्चीवर बसून होत्या. सरबत पुढे केलं तर “नको गं” म्हणाल्या. मला त्यांच्याजवळ बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आता जेवणाविषयी. हे मी सगळ्यांत गंभीर समजते. कार्यक्रमपत्रिकेत जेवणाची वेळ साडेबारा छापली होती. यजमानांना मधुमेह आहे, जेवणाआधी वीस मिनिटं गोळी घ्यावी लागते. त्यांनी बारा दहाला गोळी घेतली. साडेबारा वाजले, एक वाजला, तरी डीजे चालूच होता आणि उन्हात ज्येष्ठांची संगीत खुर्ची चालली होती. दीड वाजता मी विचारलं तेव्हा समजलं की जेवणाची गाडी अजून निघालेलीच नाही. दोनच्या सुमारास यजमान माझ्याशी बोलताबोलता गप्प झाले. कपाळावर घाम, हाताची बोटं थरथरत होती, शर्टाचं बटण सोडायला गेले तर बटण सापडेना. बरोबरच्या एका बाईंनी निवृत्तीपूर्वी इस्पितळात नर्स म्हणून काम केलं होतं, त्यांच्या पिशवीत साखर तपासायचं यंत्र होतं. साखर आली ६१. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मधुमेह असलेल्या प्रत्येक घराला माहीत असतं. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मी आपल्या माणसांकडे साखर मागितली. स्वयंपाकघराला कुलूप होतं. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत एक कापसाचा गुंडाळा आणि संपलेली मलमाची ट्यूब.

शेवटी बसमधल्या एका मुलाने आपल्या आईने दिलेला फ्रूटीचा पुडा यजमानांच्या हातात ठेवला आणि स्ट्रॉ लावून दिला. सात-आठ वर्षांचा असेल. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. पंधरा मिनिटांनी साखर ८८ झाली आणि माझ्या पायांत बळ आलं. जेवण आलं दोन वाजून चाळीस मिनिटांनी: तिखट पावभाजी आणि पुलाव. साधा वरणभात नाही, दही नाही. अकरा लहान मुलांपैकी बहुतेकांनी नुसता पाव खाल्ला.

ही सगळी हकीगत लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करते. आपले जे दोन प्रतिनिधी बरोबर होते, ती विशी-बाविशीची मुलं होती. ४४ माणसं, त्यातले २७ ज्येष्ठ, अकरा लहान मुलं, आणि सांभाळायला दोन जण. ती दिवसभर धावत होती, त्यांनीही दुपारी काही खाल्लं नाही, आणि यजमानांना बरं नव्हतं तेव्हा त्यातला एक रडकुंडीला आला होता. माझ्या तक्रारीमुळे त्यांची नोकरी जाऊ नये. ज्यांनी जागा न बघता ठरवली, भरती न बघता वेळ छापली आणि अर्ज न वाचता गठ्ठ्यात ठेवला, जबाबदारी त्यांची आहे.

अजून एक. सकाळी बस सुटण्याआधी काढलेला माझ्या नातीचा फोटो, हातात तो फ्लेमिंगोंचा कागद धरलेला, आपण आपल्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम पानांवर ‘आनंदी नातवंडं, आनंदी आजी-आजोबा’ असं लिहून टाकला आहे. आम्हाला विचारलं नव्हतं. मुलीच्या आईवडिलांनाही विचारलं नव्हतं. तिने त्या दिवशी एकही पक्षी पाहिला नाही आणि तिचाच चेहरा पुढच्या सहलीची तिकिटं विकायला वापरला जातो आहे, याचं मला फार वाईट वाटलं. हे पत्र मिळाल्याच्या दिवशीच तो फोटो काढून टाकावा.

‘अट क्रमांक ९ प्रमाणे भरलेली रक्कम परत मिळत नाही’ असं आपल्या ईमेलमध्ये आहे. आम्ही सहल रद्द केलेली नाही. आम्ही वेळेवर आलो, जाहीर केलेली सेवा आपण दिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हटलं आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न करणं, तसंच सेवेचं बिल न देणं, या दोन्ही गोष्टी त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवल्या आहेत. आम्हाला बिल आजतागायत मिळालेलं नाही, फक्त व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट रिसीव्ड’ असा संदेश आला. त्यामुळे ३,८५० रुपये पूर्ण आणि रीतसर बिल, दोन्ही मला हवं आहे. कूपन नको.

हे पत्र पोचल्यापासून तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, याची माहिती मी घेतली आहे. सहलीतल्या इतर नऊ कुटुंबांशी माझं बोलणं झालं आहे. त्यांची पत्रंही आपल्याला स्वतंत्रपणे येतील.

पैशांपलीकडे माझी एक मागणी आहे, आणि ती माझ्या दृष्टीने मोठी आहे. आपली पुढची ज्येष्ठांची सहल पुढच्या महिन्यासाठी जाहीर झालेली मी पाहिली. तिच्या पत्रकात फ्लेमिंगोच्या चित्राखाली एवढं तरी छापा: कमोड कुठे आणि किती आहेत, दर किती वेळाने बस थांबेल, चढायला किती पायऱ्या आहेत, जेवण नक्की किती वाजता मिळेल, आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे. बसमध्ये एक स्टूल ठेवा. साखर, बिस्किटं, पाणी आणि भरलेली प्रथमोपचाराची पेटी ठेवा. आरोग्याचा रकाना सहलीच्या आदल्या दिवशी एका जबाबदार माणसाने वाचावा. जागा आधी कुणीतरी जाऊन बघून यावी, शक्य असेल तर साठीच्या पुढचं माणूस बरोबर घेऊन. कुणी मिळालं नाही तर मला कळवा. मी एक पैसा न घेता येईन.

नातीचा तो कागद अजून तिच्या दप्तरात आहे. ओहोटी-भरतीचं वेळापत्रक बघून आम्ही तिघं ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला उतरून, रिक्षा करून जाणार आहोत.

परत करायची रक्कम ज्या यूपीआय खात्यावरून आली होती त्याच खात्यावर पाठवावी.

आपली,
बुकिंगधारक (तीन जागा)
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत: पैसे भरल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, छापील कार्यक्रमपत्रिकेची प्रत, आरोग्य माहितीच्या अर्जाचा फोटो, दुपारच्या साखर तपासणीच्या दोन्ही नोंदींचा फोटो.