रोनोच्या कॉलेजच्या गावातून पत्र

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. मागे पोरांच्या राउंडचा आवाज, तुझं मधेच कुणावर तरी ओरडणं, सगळं ऐकलं आणि आपलं ग्राउंड डोळ्यासमोर आलं. तुझ्या त्या पोराला इथल्या, अमेरिकेतल्या, एका कॉलेजच्या कोचचा मेल आलाय, स्कॉलरशिप देतो म्हणतोय, पोराचे वडील तुला विचारतायत सर पाठवू का नको, आणि तू मला विचारतोयस कारण मी इथं राहतो. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून बसलोय लिहायला, लांबलं तर लांबू दे.

तुला माहितीये मी पुलमनला राहतो. वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, चारी बाजूंनी गव्हाच्या टेकड्या, एक युनिव्हर्सिटी आणि बाकी काही नाही. याच युनिव्हर्सिटीत १९७६ साली हेन्री रोनो नावाचा केनियाचा पोरगा आला होता. आपण सोळाशेची तयारी करायचो तेव्हा आपल्याला हे नावसुद्धा माहिती नव्हतं रे. मला इथं आल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

नांदी हिल्समधल्या किप्तारागोन गावचा, १९५२ चा जन्म. चहाचे मळे, उंचीवरचा मुलूख. लहानपणी सायकलच्या चाकात पाय अडकून घोटा असा काही गेला की कित्येक वर्षं त्याला धड चालता येत नव्हतं. ज्याला चालता येत नव्हतं तो पोरगा! त्याच भागातला किपचोगे केइनो, मेक्सिकोला १५०० मीटरचं गोल्ड घेतलेला, त्याच्याकडे बघून हा पळायला लागला, मग आर्मीत गेला. म्हणजे बघ, आपल्याकडच्या भरतीच्या पोरांसारखंच, घरात पैसा नाही, पायात दम आहे, तर मग वर्दी. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकच्या टीममध्ये होता, पण न्यूझीलंडची रग्बी टीम दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली म्हणून आफ्रिकेतल्या देशांनी बहिष्कार घातला आणि हा न पळताच राहिला. त्याच वर्षी तो पुलमनला आला.

इथले कोच होते जॉन चॅपलिन. केनियाची इतर पोरंही इथं होती, जॉन न्गेनो, सॅमसन किमोब्वा. किमोब्वानं १९७७ ला हेलसिंकीत दहा हजार मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड केला होता, कॉलेजात शिकत असताना. आणि यात एक गणित आहे, ते तू नीट समजून घे, कारण तुझ्या पोराला मेल त्याच गणितातून आलाय. इथं कॉलेजचे तीन सीझन असतात, पानगळीत क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळा-टेकड्यांवरची लांब रेस, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात आउटडोअर. नॅशनल ट्रॅक मीटला, म्हणजे स्पर्धेला, पहिल्याला १० पॉइंट, दुसऱ्याला ८, असं आठव्यापर्यंत. गोळाफेकवाला क्रॉस कंट्रीत काय करणार, पण लांब पल्ल्याचा चांगला रनर तिन्ही सीझनला कामाला येतो आणि एकाच मीटला दोन दोन इव्हेंट पळतो. अगदी आत्ताआत्तापर्यंत पुरुषांच्या अख्ख्या टीमला मिळून १२.६ स्कॉलरशिप असायच्या, त्या पोरांमध्ये तुकडे करून वाटायच्या. आता नियम बदललेत, पण कोचच्या डोक्यातला हिशोब तोच आहे, एका स्कॉलरशिपमध्ये किती पॉइंट. यात वाईट काही नाही, तो त्यांचा धंदा आहे, फक्त आपल्या पोराला कशासाठी बोलावलंय हे त्याला आणि त्याच्या बापाला माहिती पाहिजे एवढंच.

आता १९७८ ऐक. ८ एप्रिलला बर्कलीला एका साध्या कॉलेज मीटला रोनो ५००० मीटर पळाला, १३:०८.४, वर्ल्ड रेकॉर्ड. आधीचा रेकॉर्ड १३:१२.९ होता. मग १३ मे ला सिॲटलला ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची रेस, ८:०५.४, परत वर्ल्ड रेकॉर्ड. ११ जूनला व्हिएन्नात दहा हजार, २७:२२.५, आणि हा त्यानं मोडला तो स्वतःच्याच कॉलेजच्या किमोब्वाचा. २७ जूनला ऑस्लोला ३०००, ७:३२.१. ८१ दिवसांत चार वेगवेगळ्या अंतरांचे चार वर्ल्ड रेकॉर्ड! बरं, यातले पहिले दोन कॉलेजच्या शनिवारच्या मीटमध्ये.

त्या ८:०५.४ चा हिशोब मी एकदा वहीवर करून बघितला. साडेसात लॅप धरले तर लॅपला ६४.७ सेकंद पडतात, आणि त्यात ३६ इंची अडथळे २८ वेळा आणि पाण्यावरून ७ वेळा. मागच्या वर्षी मी इथल्या ट्रॅकवर नुसता एक लॅप, अडथळ्याबिडथळ्याशिवाय, जीव तोडून पळालो, ७१ लागले आणि रेलिंगला धरून उभा राहिलो. तेव्हा मला तो आकडा खरा कळला. आपला अविनाश साबळे, मांडव्याचा, तोही बारावीनंतर आर्मीत गेलेला, त्याचा २०२४ चा पॅरिसचा नॅशनल रेकॉर्ड ८:०९.९१ आहे. म्हणजे त्याच्या सेहेचाळीस वर्षं आधी एक कॉलेजचा पोरगा आपल्या सगळ्यात भारी माणसाच्याही साडेचार सेकंद पुढे होता. साबळेला कमी लेखत नाहीये हां मी, उलट बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला २०२२ मध्ये तो केनियाच्या किबिवोटच्या पाच शतांश सेकंद मागे राहिला तेव्हा मी इथं पहाटे एकटा किंचाळलो होतो, १९९८ पासून दर कॉमनवेल्थला स्टीपलचेसची तिन्ही मेडल केनियाच नेत होता, ते या आपल्या बीडच्या पोरानं थांबवलं. पण त्या आकड्यामुळे रोनो काय चीज होता ते कळतं. त्याचा तो रेकॉर्ड थेट १९८९ ला मोडला, आणि मोडणारा पीटर कोएच, तोही केनियाचा आणि तोही याच पुलमनच्या कॉलेजचा.

त्याच उन्हाळ्यात अल्जीअर्सला ऑल आफ्रिका गेम्समध्ये दोन गोल्ड, एडमंटनला कॉमनवेल्थमध्ये दोन गोल्ड. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत माणूस पळतच होता, कॉलेजसाठी, मग युरोपात, मग देशासाठी. आणि नोव्हेंबरला कॉलेजच्या नॅशनल क्रॉस कंट्रीला, जी त्यानं आधीची दोन्ही वर्षं जिंकली होती, तिथं तो दोनशेच्याही पुढच्या नंबरावर आला. लोकांनी काय काय म्हणलं असेल. मी तो रिझल्ट वाचला तेव्हा मला आपला तो सीझन आठवला, जिल्हा, विभाग, युनिव्हर्सिटी आणि परत क्लबसाठी, सगळीकडे मलाच पळवलं आणि शेवटी नडगी गेली, आणि तेव्हा नडगीवर बर्फ लावायला फक्त तू होतास. रोनोला कोण होतं माहिती नाही. पण पुढच्या वर्षी, १९७९ ला, त्यानं तीच रेस परत जिंकली. हे मला त्या चार रेकॉर्डइतकंच मोठं वाटतं, खरं सांगतो.

मग १९८० मॉस्को. या वेळी रशियानं अफगाणिस्तानात सैन्य घातलं म्हणून अमेरिकेनं बहिष्कार टाकला, केनियाही त्यांच्या बाजूनं गेला. दोन ऑलिम्पिक, दोन बहिष्कार, जगातला सगळ्यात भारी रनर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर एकदाही उतरला नाही. इथून तेरा किलोमीटरवर आयडाहोत एक गाव आहे, त्याचं नाव मॉस्को. पुलमनपासून तिथपर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर पळायचा रस्ता केलाय, मी रविवारी त्याच रस्त्यानं लाँग रन करतो. पाटीवर मॉस्को वाचलं की दर वेळी मला रोनो आठवतो आणि पोटात कसंतरी होतं.

दारू कधी लागली ते एका तारखेत सांगता येत नाही. पैसे होते, पण तेव्हा ॲमॅच्युअरचे नियम, उघड बक्षीस घ्यायचं नाही, जे मिळायचं ते पाकिटातून, हिशोब ना कागद, आणि आजूबाजूला घेणारेच जास्त. १९८१ च्या सप्टेंबरात नॉर्वेत क्नार्व्हिकला तो आदल्या रात्री प्यायलेला होता, सकाळी उठून तासभर पळून घाम काढला आणि संध्याकाळी ५००० चा स्वतःचाच रेकॉर्ड मोडला, १३:०६.२०. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात रे, काय बॉडी होती म्हणून. मला कौतुक वाटत नाही. तिथं त्याच्याभोवती इतकी माणसं असतील, मॅनेजर, आयोजक, पेपरवाले, आणि सगळ्यांनी घड्याळ बघितलं.

त्यानंतरचं पटकन सांगतो, कारण लिहवत नाही. पोर्टलंडला गाड्या धुतल्या, पार्किंगमध्ये काम केलं, वॉशिंग्टन डीसीत बेघरांच्या शेल्टरमध्ये राहिला, अल्बुकर्कीच्या एअरपोर्टवर सामान उचललं. दारू सोडायला कितीदा ॲडमिट झाला आणि कितीदा परत सुरू झाली. ज्या बॅगा तो उचलत होता त्यांच्या मालकांपैकी एकालाही माहिती नसणार की हा कोण आहे.

आणि मग पन्नाशीच्या आसपास त्यानं ती सोडली. सुटली. अल्बुकर्कीत शाळेतल्या पोरांना पळायला शिकवायला लागला, वजन उतरवलं, पंचावन्नच्या गटात मैलाचा रेकॉर्ड करायचा म्हणून परत ट्रॅकवर उतरला. २०१९ ला, इतक्या वर्षांनी, केनियात परत गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वारला, ७२ चा होऊन तीनच दिवस झाले होते. बातमी आली त्या दिवशी मी ऑफिस सुटल्यावर इथल्या मूबेरी ट्रॅकवर गेलो. बर्फाची कड होती, कोणी नव्हतं. साडेसात लॅप हळूहळू पळालो आणि घरी आलो.

तू म्हणशील हे जुनं झालं, आता तसं नाही. खरंय, बरंच बदललंय. एडवर्ड चेसेरेक शाळेत असतानाच केनियातून न्यू जर्सीला आला, मग ओरेगॉनकडून १७ नॅशनल टायटल, तेवढी कुणाचीच नाहीत. केनियाच्याच डोरिस लेमंगोलेनं अलाबामाकडून पळताना २०२५ ला कॉलेजच्या फायनलला स्टीपलचेस ८:५८.१५ मध्ये काढली. डिग्र्या मिळतात, पैसे बँकेत येतात, घरी व्हिडिओ कॉल होतो. पण चेसेरेकही ऑलिम्पिकला गेला नाही, नागरिकत्वाच्या कागदात अडकला. आणि हिवाळा काही बदललेला नाही. नांदी हिल्स जवळजवळ विषुववृत्तावर, तिथं वर्षभर साडेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि साडेसहाच्याच सुमाराला मावळतं. इथं डिसेंबरात चारलाच सूर्य जातो. मी पहिल्या वर्षी आलो तेव्हा ख्रिसमसच्या सुट्टीत सगळं हॉस्टेल रिकामं झालं, मेस बंद, बस कमी, आणि मी मोजून अकरा दिवस मराठीत तर सोडच, कुणाशीच तोंडानं बोललो नव्हतो, दुकानातल्या बाईला थँक्यू म्हणायला गेलो तर आवाज फुटेना. आणि मी तर सव्वीस वर्षांचा, इंग्रजी बरं असलेला माणूस. तुझं पोरगं अठराचं आहे.

तर मी काय म्हणतो, नको पाठवू असं माझं म्हणणं नाही. पाठव. पण कोचला मेल कर आणि वडिलांना समोर बसवून कर. स्कॉलरशिप पूर्ण की अर्धी, आणि एका वर्षाची की चार. दुखापत झाली तर चालू राहते का, लेखी. एका सीझनला किती रेस पळवणार. डिसेंबरच्या सुट्टीत पोरगं कुठं राहणार आणि जेवणार कुठं, हे नक्की विचार, याचं उत्तर कोच कसं देतो त्यावरून मला बरंच कळेल. टीममध्ये बाहेरच्या देशातला दुसरा कोणी आहे का, असेल तर त्याचा नंबर घे, मी बोलतो त्याच्याशी. आणि स्टुडंट व्हिसावर बाहेर काम करून पैसे पाठवता येत नाहीत, हे वडिलांना आत्ताच सांग, नाहीतर पोरावर पहिल्याच महिन्यात ओझं येईल.

कॉलेज कुठल्या राज्यात आहे ते तू सांगितलंच नाहीस. माझ्यापासून आठ-दहा तासांच्या ड्रायव्हिंगवर असेल तर पहिला ख्रिसमस तो माझ्याकडे काढेल, हिला विचारलंय, ती म्हणाली ये म्हणावं, भाकरी करते. लांब असेल तर विमानाचं तिकीट मी काढतो, ते तू वडिलांना सांगू नकोस, आपल्या दोघांत ठेव.

पोराचं पाच हजारचं टायमिंग पाठव, हातातल्या घड्याळाचं नको, मीटमधलं. आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव.

तुझाच