पहिल्या पगारातला फोन

सटाणा,
रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून नवा फोन हप्त्यावर घेऊ का, असं तू विचारलंस. घे, तुझा जुना फोन आता खरंच थकलाय. पण दुकानात लावलेल्या किमतीवर निर्णय करू नकोस. फोन हाती आल्यावर पुढची तीन-चार वर्षं रिचार्ज, चार्जर, काच, बॅटरी यांवर जे जातं ते मिळून त्याची किंमत होते. तोच हिशोब मांडून पाठवते आहे. शांतपणे वाच.

आधी हप्ता. ‘नो कॉस्ट’ असं लिहिलं तरी व्याज असतंच. शून्य टक्के व्याजाच्या योजना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बंद केल्या. आता होतं असं की व्याजाइतकी सूट किमतीत देतात आणि बँक ते व्याज हप्त्यातून घेते. समज, १८,००० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत, दर महिना ३,००० रुपये. व्याजदर १५ टक्के धरला तर मुद्दल साधारण १७,२४० आणि व्याज ७६० पडतं. हे ७६० किमतीतल्या सवलतीतून भरून निघतात. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १३७ रुपये तुझ्या माथी. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. झाले ३७२ रुपये. दुकानातल्या फायनान्स कंपनीच्या कर्जात व्याजावर जीएसटी नसतो, पण फी असते आणि बरेचदा न विचारता एखादा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ हप्त्यात मिसळलेला असतो. नको असेल तर सही करण्याआधीच काढायला लाव. आणि दुकानदाराला सरळ विचार: “आत्ता रोख दिले तर शेवटचा भाव किती?” रोखीवर हजार रुपये कमी होत असतील तर हप्ता बिनव्याजी नाही. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिलवर नोंद होते, ती पुढे घराच्या कर्जापर्यंत पाठ सोडत नाही.

कोणता घ्यावा, यावर माझं मत स्पष्ट आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर बघ, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी बघ. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय दिलेलं असतं. अपडेट थांबले की फोन चालतो, पण बँकेचे व्यवहार त्यावर ठेवणं धोक्याचं होत जातं. १५,००० चा फोन तीन वर्षं टिकला तर वर्षाला ५,००० पडले. २१,००० चा सहा वर्षं टिकला तर ३,५००. मध्ये एकदा बॅटरी बदलली तरी दुसरा स्वस्तच. वर्षं मोजताना मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजायची, तू घेतलास त्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त दिसतं ते यामुळेही.

आता रिचार्ज. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. पॅक २९९ चा असेल तर वर्षाचे ३,५८८ नाही, ३,८८७ होतात. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, तेव्हापासून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅकही ठेवावा लागतो. ॲपच्या पहिल्या पानावर तो बहुधा दिसत नाही, शोधावा लागतो. पॅक निवडताना किंमत भागिले दिवस, एवढंच कर. २९९ भागिले २८ म्हणजे १०.६८. ८४ दिवसांचा ७९९ ला मिळाला तर ९.५१. पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळत असेल तर त्यातला वाचलेला डेटा रात्री बारा वाजता जातो, म्हणून ऑफिसात आणि खोलीवर वायफाय असेल तर रोज दोन-अडीच जीबीचा पॅक म्हणजे पैसे वाया. सेटिंगमध्ये महिन्याचा मोबाईल डेटा किती वापरला ते दिसतं, तेवढ्यावरून ठरव. ओटीपीपुरतं ठेवलेल्या दुसऱ्या सिमला डेटाचा पॅक मारू नकोस. ट्रायच्या नियमांतल्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ते ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतात.

नाशिकला गंगापूर रोडच्या तुझ्या खोलीत रेंज तुटते म्हणालीस. आधी सेटिंगमधून वायफाय कॉलिंग चालू करून बघ. त्याने भागलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ज्या कंपनीत जायचंय त्या कंपनीचं सिम असलेल्या मैत्रिणीला रात्री आठ-नऊला खोलीवर बोलाव, कारण दुपारी चांगलं चालणारं नेटवर्क रात्री गर्दीने मंदावतं. पटलं तर त्याच नंबरवरून इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठव. आठ अक्षरी कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेलं नसावं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारच्या एकाच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं आहे. जुना शिल्लक बॅलन्स पुढे जात नाही, म्हणून पॅक संपत आला की हे काम कर.

चार्जरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण इथे पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न आहे. हल्ली बऱ्याच बॉक्समध्ये चार्जर नसतो. मग मेन रोडवर, शालिमारला ढिगातला दीडशेचा उचलला जातो. चार्जरच्या आत २३० व्होल्ट आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये फक्त ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन असतं. स्वस्त मालात ते पातळ असतं आणि दोन्हींकडच्या तांब्याच्या रेषा एकमेकींच्या फार जवळ असतात. फोन चार्जिंगला लावल्यावर कडेच्या धातूला हात लागून झिणझिण्या आल्या, किंवा स्क्रीन आपोआप उड्या मारू लागली, तर तो चार्जर त्या दिवशीच काढून टाक. घेताना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि खाली ‘आर’ अक्षरानंतरचा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघ. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. वेगळंच नाव आलं तर तो चार्जर दुकानातच ठेव. मग आउटपुट वाच. पाच व्होल्ट तीन अँपिअर म्हणजे १५ वॅट, नऊ व्होल्ट दोन अँपिअर म्हणजे १८. फोनवर ६७ वॅट लिहिलंय म्हणून कुठलाही ६७ वॅटचा चार्जर चालेल असं नाही. अनेक कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत स्वतःची असते, दुसऱ्याचा चार्जर लावला की फोन साध्या वेगावर येतो.

चार्जिंग मंद झालं की लोक सरळ नवा चार्जर आणतात. आधी केबल बदलून बघ, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पिनेजवळ सतत वाकून आतली तार तुटते, आणि स्वस्त केबलमध्ये तांबं इतकं कमी असतं की व्होल्टेज वाटेतच पडतं. एक मीटरपेक्षा लांब केबल नको. केबल घट्ट बसत नसेल तर फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढ. टाचणी घालू नकोस, आतले संपर्क वाकतात. हे दोन्ही करून फरक पडला नाही तरच चार्जरकडे वळ.

पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टवरचं. पाच व्होल्टवर ते ७,४०० होतं, आणि रूपांतरातली घट धरली की हाती सहा हजारांच्या आसपास. बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून खरा आकडा दिलेला असतो, दोन पॉवर बँकांची तुलना त्यावरूनच करायची.

खोलीमालकीणबाई फोनच्या चार्जिंगवरून बोलतात म्हणालीस, तर हा हिशोब त्यांना दाखव. ५,००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला घट धरून साधारण २५ वॅट-तास लागतात. रोज पूर्ण भरली तरी वर्षाला नऊ युनिट. थंडीत तू आंघोळीसाठी जो १,५०० वॅटचा रॉड लावतेस तो रोज अर्धा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट, म्हणजे दोन वर्षांच्या चार्जिंगपेक्षा जास्त. आणि तो रॉड साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नकोस. १,५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. प्लग गरम होणं, प्लॅस्टिक काळं पडणं यानेच होतं. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लाव, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नकोस.

फोन पडून स्क्रीन फुटली तर एमजी रोडला गेल्यावर पहिलाच भाव ऐकून फोन उघडायला देऊ नकोस. तीन भाव वेगवेगळे विचार: नुसती वरची काच, कॉपी कॉम्बो आणि ओरिजिनल कॉम्बो. कॉम्बो म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र. टच आणि चित्र दोन्ही नीट असतील तर नुसत्या काचेत भागू शकतं. ॲमोलेड प्रकारच्या स्क्रीनच्या फोनला एलसीडी प्रकारची कॉपी बसवली तर स्क्रीनमधलं फिंगरप्रिंट चालत नाही, काळा रंग करडा दिसतो आणि बॅटरी लवकर उतरते. देण्याआधी बॅकअप घे, सिम आणि मेमरी कार्ड काढ, पावतीवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि पार्टचा प्रकार लिहून घे, जुना पार्ट परत माग. पैसे देण्याआधी एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने धरून स्क्रीनभर कोपऱ्या-कोपऱ्यात ओढून बघ. जिथे ते सुटतं तिथे टच मेलेला असतो. मग कॉल लावून फोन कानाला ने आणि स्क्रीन बंद होते का बघ, पुढचा कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग तपास. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण राहिलं असं धरू नकोस. स्क्रीन वाचवायला वरून यूव्ही गोंदाने चिकटवायची काच बसवू नकोस, तो पातळ गोंद बटणांत आणि स्पीकरच्या जाळीत उतरतो.

पावसात पोर्ट ओला झाला तर फोन बंद कर, पोर्ट खाली धरून हलकेच ठोक आणि वाऱ्यावर ठेव. तांदळात पुरू नकोस, त्याचे कण आणि पूड आत जाते. अंबडला जाताना फोन हँडलच्या स्टँडवर लावतेस ना, तो खिशात ठेव. सततच्या हादऱ्याने कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, सरळ बदलायला न्यायची.

घेताना बॉक्स, बिल आणि फोन तिन्हींवरचा आयएमईआय जुळव, स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की तो दिसतो. हरवला तर पोलिसांत तक्रार, लगेच सिम बंद, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक. फसवणुकीने खात्यातून पैसे गेले तर सायबर हेल्पलाइन १९३०. सिमवर न मागता एखादी सेवा सुरू होऊन पैसे कापले गेले तर १५५२२३ वर बंद करता येते. सिमच्या कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंद क्रमांक, जपून ठेव. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. फोन किंवा दुरुस्तीबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणूनच बिल जपायचं.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असशील तर आधी गुगल खातं काढ आणि मगच रिसेट मार, नाहीतर तो पुन्हा तुझाच पासवर्ड मागतो आणि दुकानदार भाव पाडतो. बँकेची ॲप नव्यात चालू झाल्याची खात्री होईपर्यंत तो देऊ नकोस. जे दोन-तीन मॉडेल मनात आहेत त्यांची नावं, रोखीचा भाव आणि हप्त्याचा कागद यांचे फोटो बुधवारपर्यंत पाठव. बाबा आणि मी बसून बघतो.

तुझी,
आई